जुन्या कपड्यांसाठी वेगळा वार ठरवा

महोदय,

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या खणभागात घंटागाडीत कपड्यांची गाठोडी पडू लागतात. एकदा खरकटं, चहाची पत्ती लागली की धड सुती साडीसुद्धा कुणाच्या कामाची राहत नाही. मी शिवणकाम करते, वाकळा म्हणजे गोधड्या शिवून देते. हे पाहून जीव तुटतो.

वाकळेला नवं कापड लागतच नाही. वर जुनं लुगडं, आत धोतरं, विटलेल्या चादरी, बाळाची झबली. कॉलर, चेन, इलॅस्टिक कापून टाकायचं, बटणं डब्यात ठेवायची, थर हाताने सारखे करायचे आणि कडेपासून धावदोरा घालत मध्यावर यायचं. सिंथेटिक साडी आत घालू नये, थर सरकतो आणि घामही टिपला जात नाही. तिच्या बाजाराच्या पिशव्या मात्र पक्क्या होतात. अगदी विरलेलं सुती कापड गॅरेजमध्ये, कारखान्यांत यंत्रं पुसायला चालतं. लोकरीच्या जुन्या कपड्यांचं तर पानिपतला रंगवार निवड करून, पिंजून पुन्हा सूत काततात आणि ब्लँकेटं विणतात.

कापसाच्या शेतापासून धरलं तर एका सुती टी-शर्टला सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. जत-आटपाडीच्या दुष्काळी भागातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

वारलेल्या माणसाचे कपडे घाटावर कृष्णेत सोडतात. त्यामागचं दुःख मला कळतं. पण माझ्या सासऱ्यांच्या धोतरांची वाकळ आज माझी नात पांघरते, आणि त्यात आम्हाला काही अशुभ वाटलं नाही.

महापालिकेने महिन्यातला एक वार फक्त कपड्यांसाठी ठरवावा आणि ते वेगळ्या गाडीतून गोळा करावेत. निवडण्याचं आणि शिवण्याचं काम बचत गटांना द्यावं, चार बायकांच्या हाताला काम मिळेल. नागरिकांनी मात्र कपडे धुऊन, वाळवूनच द्यावेत. २०१९ च्या महापुरानंतर मदत म्हणून आमच्या गल्लीत आलेल्या गाठोड्यांत मळके, फाटके कपडेही निघाले होते. घर वाहून गेलेल्या माणसाला ते हातात घेताना काय वाटलं असेल?

निवडायला बसायची आमच्या गल्लीतल्या बायकांची तयारी आहे. जागा आणि वार तेवढा कळवावा.

– शिवणकाम करणारी एक वाचक, खणभाग, सांगली