बंब आहेत, पाणी आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त आपण मुंबई गोदीतल्या स्फोटावर लेख छापला. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ या पेटलेल्या जहाजाच्या स्फोटात प्राण गमावलेल्या ६६ अग्निशमन जवानांची आठवण काढायलाच हवी. पण दर एप्रिलमध्ये आपण शौर्याची पाठ थोपटतो आणि थांबतो. दल उभे कसे राहते, यावर कोणी लिहीत नाही. त्याची एक जुनी हकीकत आहे आणि ती वर्तमानपत्रातल्या पत्रापासूनच सुरू होते.

अमेरिकेतले फिलाडेल्फिया तेव्हा नदीकाठचे लहानसे शहर होते. १७३० साली फिशबर्नच्या धक्क्यावर आग लागून गोदामे आणि घरे जळाली. मग शहराने हाताने चालवायचे बंब, चामडी बादल्या, शिड्या अशी खरेदी केली. तरीही घडी बसली नाही. फेब्रुवारी १७३५ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये एका वृद्धाचे पत्र आले: हात अधू झाले, आग विझवायला धावता येत नाही, तेव्हा निदान चार सूचना गोड मानून घ्या. हा ‘वृद्ध’ म्हणजे २९ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन, त्या वर्तमानपत्राचा खुद्द मालक! (आपल्याकडे असे होत नसेल, असे मी गृहीत धरतो.)

बंबाचा विषय पत्रात बऱ्याच उशिरा येतो. आधी घरातला हलगर्जीपणा. फावड्यावर निखारे घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाऊ नका; एखादी ठिणगी फटीत पडते, मध्यरात्रीपर्यंत कळत नाही आणि मग जिना पेटल्यावर खिडकीतून उड्या टाकाव्या लागतात. पुढे चुलाण्याची बांधणी, आणि धुराडी साफ करणाऱ्यांना परवाना असावा ही मागणी. त्यानंतर आग विझवण्याचा मुद्दा. माणसांची वा सदिच्छेची वाण नाही, शिस्त आणि पद्धत नाही, असे तो स्वच्छ म्हणतो. बंब पुरेसे आहेत, पण अनेक भागांत ते अर्धा तास चालतील एवढे पाणी मिळेल का, ही त्याची शंका.

फ्रँकलिनच्याच पुढाकाराने ७ डिसेंबर १७३६ ला ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. कंपनी म्हणजे शेजाऱ्यांचे मंडळ; पगार कोणालाच नाही. प्रत्येकाने खुणेच्या बादल्या आणि सामान भरायला कापडी पिशव्या तयार ठेवायच्या. रात्री आरोळी ऐकताच खिडकीत दिवे लावायचे. पेटलेल्या घराच्या दाराशी दोघांनी पहारा करायचा, कारण गडबडीत चोरही मदतीला येतात. दरमहा बैठक, गैरहजर राहिल्यास दंड आणि दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या, आकडे (हुक). हे सर्व प्रामुख्याने सभासदांचा माल वाचवण्यासाठी होते, हेही सांगितले पाहिजे. सभासद वाढू लागले तेव्हा नव्यांना सांगितले गेले, तुमची वेगळी कंपनी काढा. अशा कंपन्या इतक्या झाल्या की पुढच्या शतकात आगीच्या ठिकाणी त्या एकमेकींशीच मारामाऱ्या करू लागल्या. पगारी सरकारी दल तिथे १८७१ साली आले.

आपल्याकडे अग्निशमन हे संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत आहे. तालुक्याच्या गावी नवा बंब आला की हार, नारळ, फोटो, सगळे यथासांग होते. आपणही तो फोटो छापता. बंबाच्या टाकीतले पाणी काही मिनिटांत संपते. ती पुन्हा कुठे भरायची, हे त्या फोटोखाली कधी वाचल्याचे आठवत नाही. मार्च ते जून नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा प्रश्न फ्रँकलिनच्या शंकेपेक्षा मोठा आहे. मग ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणत चालकाला दोष देणे सोपे जाते.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या सप्ताहाच्या पुरवणीत आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेचा एक तक्ता द्यावा: बंब किती, रात्रपाळीला माणसे किती, आणि बाजारपेठेपासून बंब भरण्याची चालू स्थितीतली जागा किती अंतरावर. आकडे त्या त्या नगरपालिकेकडून लेखी मागवावेत. जिथून उत्तर येणार नाही, तिथला रकाना कोरा छापावा.

आपला,
एक वाचक