भिंतीचं तुझंच खरं निघालं

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, कबूल. गुडघा बरा, साखर आहे तिथेच.

परवा इथे कॅलिफोर्नियातल्या सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला गेलो. 1776 साली हुनिपेरो सेरा या स्पॅनिश पाद्र्यानं वसवलेलं मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं. आत शिरलो तर समोर मोडकं दगडी चर्च, अर्धा घुमट आणि वर नुसतं आभाळ. वसईच्या किल्ल्यात तुझा डबा हरवला, तशीच दुपार.

1797 ला या चर्चचं काम काढलं, मेक्सिकोतल्या कुलियाकानहून इसिद्रो आगिलार नावाचा गवंडी आणला. तो 1803 ला वारला, काम 1806 ला संपलं. आणि 8 डिसेंबर 1812 ला प्रार्थना चालू असतानाच भूकंप! चाळीसेक माणसं गेली, तिथल्याच मूळनिवासी अहाचेमेन लोकांतली. चर्चचे दगड वाहिले त्यांनी आणि त्याच दगडांखाली गेलेही तेच.

आता हस. पलीकडे सेराचं जुनं चॅपल आहे, माती-गवत कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. ते अजून उभं आहे! मधे डागडुजी झाली, छप्पर हलकं, बांधणी बुटकी. नुसत्या मातीची करामत म्हटलं तर राणे सर कान पिळतील. पण भिंतीची जाडी बघितली आणि आपलं माजघर आठवलं. बारावीच्या सुट्टीत तू म्हणाला होतास, 'मातीची भिंत सांगून पडते.' मी तुला गावठी इंजिनिअर म्हटलं आणि तू माझी सायकल ओढ्यात ढकललीस. ते मी विसरलेलो नाही.

खरं सांगू? दादानं वाड्याचे कागद पाठवले होते. ठेकेदार म्हणतो, मातीचं आहे, पावसाळा काढणार नाही. मी फेब्रुवारीतच सही करून पाठवली. तुला विचारलं नाही. म्हणून तर पत्र लिहायला हात धजत नव्हता.

दिवाळीनंतर पाडकाम आहे. एकदा जाऊन माजघराची भिंत बघशील? भेग आहे का, ओल कुठवर चढलीय. दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. सही मागे घेता येते का, ते वकिलाला विचारतोय. माईला यातलं काही बोलू नकोस.

धाकटीचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन! चिकूला भाव मिळाला का?

काहीही ठरलं तरी खुंटीवरचा कंदील आधी तुझ्या घरी ने.

तुझा,
सुध्या