फी माफ नाही, फक्त हप्ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतले कैदी सरकारवर फुकटात खटले भरतात, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. 1996च्या ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट’पासून तिथे कैद्याला दिवाणी दाव्याची फी माफ होत नाही, फक्त हप्ते बांधून मिळतात.

संघीय जिल्हा न्यायालयाची फी 350 डॉलर. ती एकरकमी जमत नसेल तर तुरुंगातल्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा प्रमाणित उतारा अर्जाला जोडायचा. मधे तुरुंग बदलला असेल तर प्रत्येक तुरुंगाचा वेगळा उतारा लागतो, आणि अर्ज रखडतो तो इथेच. सरासरी मासिक जमा किंवा सरासरी शिल्लक, यांत जी रक्कम जास्त तिचे 20 टक्के हा पहिला हप्ता. पुढे खात्यात 10 डॉलरहून जास्त पैसे असले की आदल्या महिन्याच्या जमेतले 20 टक्के कापतात. महिन्याला 30 डॉलर जमा होत असतील तर 6 डॉलर जातात; फी फिटायला जवळपास पाच वर्षे. घरून आईने पाठवलेले पैसेही जमेतच धरतात. दावा पहिल्या छाननीत फेटाळला तरी कपात चालूच. दोन दावे असतील तर 40 टक्के. ‘ब्रूस विरुद्ध सॅम्युअल्स’ (2016) या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. खाते रिकामेच असेल तर पहिल्या हप्त्यावाचून दावा घेतात, एवढी सोय आहे.

खरा अन्याय ‘तीन स्ट्राइक’चा. निरर्थक, खोडसाळ किंवा दाद मागण्याजोगे कारण न दाखवणारे म्हणून तीन दावे वा अपिले फेटाळली गेली की हप्ते बंद. मग प्रशासकीय शुल्कासह 405 डॉलर आधी मोजायचे. स्ट्राइकला मुदत नाही. खोडसाळपणाला आळा घालावा, हे मान्य; पण वकील नसलेल्या माणसाला तक्रार नीट मांडता आली नाही, तरीही स्ट्राइक बसतो. 2020च्या ‘लोमॅक्स’ निकालानंतर तर पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही मोजतात. अपवाद एकच: दावा भरतेवेळी गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा हवा. होऊन गेलेली मारहाण त्यात बसत नाही. अडवलेली पत्रे तर नाहीच नाही.

या कायद्याचे समर्थक शेंगदाण्याच्या बटरच्या खटल्याचा दाखला देत: भरड मागवले, मऊ मिळाले म्हणून कैदी कोर्टात गेला. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी कागद पाहिले तेव्हा वेगळेच निघाले. कैद्याने बरणी परत केली होती, तरी अडीच डॉलर त्याच्या खात्यातून कापले गेले होते.

आपल्याकडे 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य देते, कोर्ट फीसुद्धा त्यातच येते. सुनील बत्रा प्रकरणात एका कैद्याने सहकैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले साधे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. निरर्थक अर्ज वेगळे काढायला छाननी पुरते. अमेरिकेच्या त्याच कायद्यात ती आहे. तेव्हा इथे कुणी फी सुचवली तर तिला ठाम विरोध व्हावा, आणि तुरुंगातल्या विधी साहाय्य केंद्राने प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच कैद्याच्या हातात द्यावी.

– एक वाचक, पुणे