ईशानच्या खोक्याबद्दल, आई-बाबांना

ठाणे,
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "ईशानसाठी ते जादूचे पत्ते मीच घेऊन ठेवतो, तू त्यात पडू नकोस," आणि मी नुसतं "बघू" म्हटलं. खरं तेव्हाच सांगायचं होतं, पण त्याच फोनवर 'या मे महिन्यात मी येत नाही' हेही सांगून झालं होतं. एका फोनमध्ये दोन नकार द्यायला जीभ रेटली नाही. तर आता लिहिते: खोकं मी मागवून टाकलंय. कुडाळच्या पत्त्यावर बुधवारपर्यंत येईल. पत्त्यांचाच खेळ आहे, नाव हीरो रेल्म्स. बाबा, किंमत विचारू नका.

तुमचं चुकलं असं मुळीच नाही. संजूदादाच्या निखिलकडे पाहिलंत ते मॅजिक: द गॅदरिंग. खेळ थोर आहे. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो काढला आणि पानं विकत घेत घेत आपापला कॅट बांधायचा ही रीत त्यानेच रुजवली. आपली अडचण तिथेच आहे. त्यात प्रत्येकाने किमान ६० पानांचा स्वतःचा कॅट आणायचा. त्यातली २४ च्या आसपास पानं जमिनीची. जमीन टेबलावर उतरली तर मना, म्हणजे जादूची शक्ती, मिळणार आणि मना असला तरच बाकीची पानं खेळता येणार. पहिल्या सात पानांत जमिनी कमी आल्या तर हातात राक्षस धरून मुकाट बसायचं. फार आल्या तर जमीनच जमीन, पीक काही नाही. हे कोकणातल्या माणसाला मी काय समजावणार. मुरलेला खेळाडू हसून पुढचा डाव मांडतो. नवशिक्या मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि खोकं माळ्यावर जातं. शिवाय बंद पाकिटात कोणती पानं निघतील ते आधी कळत नाही, म्हणजे ज्याचा बाप जास्त पाकिटं घेणार त्याचा कॅट भारी. ते वळण मला आत्ताच नकोय.

पुढेमागे त्याला मॅजिकच हवं झालं, तर सुटी पाकिटं घेऊ नका. २०२४ साली त्यांनी फाउंडेशन्स नावाच्या संचाबरोबर बिगिनर बॉक्स काढला. त्यात २० पानांच्या दहा गड्ड्या आहेत. कुठल्याही दोन एकत्र पिसल्या की ४० पानांचा कॅट तयार, बांधाबांध काही नाही. पहिला शिकवणीचा डाव मांजरं विरुद्ध व्हॅम्पायर असा आहे. पण हे पुढच्या वर्षीचं.

पोकेमॉनचा विचार मी तुमच्याआधी केला होता. तोही ६० पानांचा, सहा बक्षीसपानं आधी उचलणारा जिंकतो, आणि बॅटल अकॅडमी नावाच्या खोक्यात पट आणि तयार कॅट सगळं मिळतं. नवशिक्यांना फार सोपा. पण आठवीत जाणाऱ्या मुलाला ते 'लहान मुलांचं' वाटतं. तसं ते नाही, मोठी माणसं त्याच्या जागतिक स्पर्धा खेळतात, पण ऐकतो कोण? आणि दिवाळीला दिलेलं ते सोनेरी पाकीट, बाबा, त्याने अजून कंपासपेटीजवळ जपून ठेवलंय. तशी सोनेरी प्लॅस्टिकची पानं स्टेशनरीच्या दुकानात सर्रास मिळतात. ती खेळाची नसतात, नुसती दिसायला. सगळीच पानं चमकत असली, नावांत स्पेलिंगच्या चुका असल्या आणि जीवाचे आकडे भलतेच असले, की समजायचं. खऱ्या पाकिटातली बरीचशी पानं साधीच असतात. त्याला हे माहीत आहे आणि तरी त्याने ती जपलीत, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आता हीरो रेल्म्स कसा वेगळा ते सांगते, कारण खेळायचं तुम्हाला आहे. यात कुणी काही घरून आणत नाही. दोघांनाही सारखीच दहा-दहा पानं मिळतात: सात नाणी, एक माणिक (ते दोन नाण्यांचं काम करतं), एक आखूड तलवार (मार २) आणि एक खंजीर (मार १). म्हणजे दहा पानांत मिळून सोनं ९ आणि मार ३. मध्ये ८० पानांची बाजाराची गड्डी, तिच्यातली पाच पानं उघडी. शेजारी १६ अग्निरत्नं, ती कायम विकायला. प्रत्येकाचा जीव ५०. आपल्या पाळीत सोन्याने बाजारातून पान घ्यायचं, माराने समोरच्याचा जीव कमी करायचा. कॅट घरून आणायचा नाही, डावातच वाढवायचा, ही जात २००८ च्या डॉमिनियन या खेळाने लोकप्रिय केली. हीरो रेल्म्स त्यातला चपळ भाऊ: समजला की डाव वीस ते तीस मिनिटांत उरकतो. पहिला डाव तासभर घेईल, घाबरू नका.

पहिली पाळी ज्याची, तो तीनच पानं उचलतो, दुसरा पाच. आधी खेळण्याचा फायदा असा कापलेला आहे. समजा बाबांना तीन पानांत दोन नाणी आणि खंजीर आले. दोन नाण्यांत एक अग्निरत्न घ्या. खंजिराने ईशानचा जीव ४९. आता, आई, इथे तू चुकणार: घेतलेलं रत्न हातात येत नाही, आपल्या टाकलेल्या पानांत जातं. मग हातातली आणि खेळलेली सगळी पानंही तिथेच टाकायची आणि नवी पाच उचलायची. रमीसारखं चांगलं पान धरून बसायचं नाही. उरलेलं सोनंही पुढच्या पाळीला चालत नाही, त्याच पाळीत संपवायचं. बाबांच्या दुसऱ्या पाळीनंतर गड्डीत दोनच पानं उरतील. ती दोन आधी उचलायची, मग टाकलेली पिसून नवी गड्डी करायची आणि वरची तीन घ्यायची. सगळे नवखे ती दोनही पिसण्यात घालतात आणि मग हिशेब चुकतो. ते रत्न असं तिसऱ्या-चौथ्या पाळीला हातात येईल: दोन सोनं देईल, आणि हवं तेव्हा कायमचं मोडून ३ मार.

पुढची चूक ईशान करणार, आणि ती त्याला करू द्या. परवडेल ते प्रत्येक पान तो घेईल. गड्डी दहा पानांची असते तेव्हा दोन पाळ्यांत सगळी हातातून जाते. वीस झाली की चार पाळ्या लागतात, म्हणजे आठ सोनं मोजून आणलेला ड्रॅगन चार पाळ्यांतून एकदा तोंड दाखवणार. म्हणून कधी कधी काहीच न घेणं हाही डाव असतो. काही पानं आपल्याच गड्डीतलं एखादं पान कायमचं बाद करू देतात. नवशिक्याला नाणं बाद करायला जिवावर येतं, पण शेवटी शेवटी ती सात नाणी म्हणजे भातातले खडे.

रंग चार: पिवळे इम्पिरियल, निळे गिल्ड, लाल नेक्रॉस, हिरवे वाइल्ड. पिवळ्यांत जीव भरून निघतो, निळ्यांत पैसा खेळतो, लाल नको ती पानं बाद करतात, हिरव्यांत मार आणि समोरच्याला पान टाकायला लावणं. बऱ्याच पानांचा अर्धा गुण त्याच रंगाचं दुसरं पान समोर असेल तरच लागू होतो. दोन रंग धरा, तिसऱ्याच्या नादी लागू नका. हुकूम वगैरे काही नाही.

वीर म्हणजे चॅम्पियन पानं मात्र टाकली जात नाहीत, टेबलावरच उभी राहतात. पाळीत एकदा आडवी करून वापरायची, पाळी संपली की सरळ. ज्यांच्यावर गार्ड लिहिलंय त्यांना पाडल्याशिवाय मागच्यांना किंवा खेळाडूला हात लावता येत नाही. वीर पाडायचा तर त्याच्या आकड्याइतका मार एकाच पाळीत हवा. आज अर्धा, उद्या अर्धा चालत नाही. यावरून भांडण होणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. पडलेला वीर मालकाच्या टाकलेल्या पानांत जातो, खेळाबाहेर नाही.

जीव मोजायला खोक्यात वेगळी पानं आहेत, पण पंख्याखाली ती सरकतात. माडीवरची माझी पाटी काढा आणि पेन्सिलीने लिहा. फुटलेल्या कोपऱ्याची, तीच.

पानांवरचा मजकूर इंग्रजीत आणि बारीक आहे. बाबा, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही, तेव्हा तुम्ही वाचायचं नाही. ईशानने प्रत्येक पान मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं. त्याला हे सांगून ठेवलंय. पहिले दोन डाव पानं उघडी ठेवूनच खेळा, म्हणजे विचारायला लाज वाटत नाही. तो सारखा जिंकायला लागला तर तुमचा जीव ६० पासून धरा. नियमात नाही, पण घरात चालतं.

खेळायचं जेवणाच्या टेबलावर. आई, गुडघे घेऊन जमिनीवर बसायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. टेबलावर जुनी सोलापुरी चादर घाला, गुळगुळीत लाकडावरून पान उचलत नाही. आणि टेबलावरचा दिवा बदलून घ्या, तिथे अजून तो पिवळा मिणमिणता आहे ना? इलेक्ट्रिशियनला मी फोन केलाय. तो येईल तेव्हा नको म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पानांची काळजी. मे महिना, फणस, आणि तुमच्याकडची दमट हवा! दमटपणाने पान वाकतं, कारण कागद पाणी ओढतो आणि वरचा चकचकीत थर ओढत नाही. म्हणून प्रत्येक पानाला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी असते, तिला स्लीव्ह म्हणतात. पान ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, पिशवी ६६ बाय ९१ ची. दोघांच्या डावाला २०, ८० आणि १६ मिळून ११६ पानं लागतात आणि पाकिटात पिशव्या १००, म्हणून मी एकाच बनावटीची दोन पाकिटं पाठवलीत. दोन वेगळ्या बनावटींची सरमिसळ केली की पाठीवरून पान ओळखू येतं. पिशवीत घातल्यावर तळव्याने दाबून हवा काढायची, नाहीतर गड्डी फुगते. त्या दुपारी घरात गरे कापायचे नाहीत. चीक पिशवीवरून निघेल, कागदावरून निघणार नाही. खोक्यात आईच्या कॅल्शियमच्या बाटलीतल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि आई, एखादं पान वाकलंच तर जाड पुस्तकाखाली दोन दिवस ठेव. उन्हात घालू नकोस, त्या कुरडया नव्हेत.

बाबा, तुमचं ते फर्रर्र पिसणं या पत्त्यांना नाही. मध्ये बाक येतो आणि पिशव्यांच्या कडा फाटतात. हातावर हळू पिसा. त्याला ते करून दाखवायचंच असेल तर मेंढीकोटाच्या जुन्या कॅटवर दाखवा. त्याला ते शिकायचंच आहे, मला दोनदा विचारून झालंय त्याचं, आणि मला कधीच जमलं नाही हे तुम्हाला माहीत आहे.

आई म्हणणार, "ह्या भुतांचे पत्ते घरात कित्याक?" लाल पानांवर आहेत राक्षस, खरंय. पण शोकेसमधली सावंतवाडीची गंजिफा काढून बघ: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, १२० पानांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे. दिवसा ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्ण. ईशानला एकदा सांग हे. आपल्याकडे असं काही आहे हे त्याला ठाऊकच नाही, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं, माझ्या नाही.

आणखी विकत काही घेऊ नका. या खेळाची कॅरेक्टर पॅक नावाची छोटी पाकिटं मिळतात: योद्धा, जादूगार, चोर, रेंजर, क्लेरिक. दहा सारख्या पानांऐवजी ज्याची त्याची वेगळी सुरुवात होते. त्याचा हात बसल्यावरच त्यात मजा. ती दिवाळीला तुमच्याकडून, बाबा, दोन. एक तुमच्यासाठी. जादूगार ईशान घेईल, तेव्हा तुम्ही दुसरा कुठलाही घ्या.

दादा त्याला तुतारी एक्सप्रेसने घेऊन येतोय, रविवारी सकाळी. स्टेशनवर दोघांनीही यायची गरज नाही, एकाने या, आणि तो एक बाबा नसावेत, धूळ असते.

तुमची,
मनू

ता. क. खोकं आलं की वरचं प्लॅस्टिक काढू नका. ते त्याला फाडायचंय. ड्रॉप्स चार वेळा, दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवून, आणि बाबा, डाव रंगात आला म्हणून रात्रीचे चुकवायचे नाहीत.