प्रशिक्षक होण्याविषयी मुलीस पत्र

सोलापूर

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मांडीमागचा स्नायू दुसऱ्यांदा दुखावल्यानंतर कॉलेजने तुला धावपटूंना शिकवण्यासाठी बोलावले, ही बातमी आईने देवापुढे साखर ठेवून घरात सांगितली; पण ‘आता शिकवायचे म्हणजे माझे धावणे संपले’ हे तुझ्या पत्रातले वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे पार्क मैदानावर जाऊन आलो आणि लिहायला बसलो.

तुला अमेरिकेचे धावपटू लिरॉय बरेल आठवत असतील. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसताना त्यांनी १९९१ मध्ये ९.९० आणि १९९४ मध्ये ९.८५ सेकंद असा शंभर मीटरचा विश्वविक्रम दोनदा केला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मात्र शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत ते पाचवे आले, आणि आठवड्यानंतर रिलेत दुसऱ्या टप्प्यावर धावून ३७.४० सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदकाचे मानकरी झाले. पुढे १९९८ मध्ये, ज्या ह्यूस्टन विद्यापीठात टॉम टेलेझ यांनी त्यांना घडवले, तिथेच गुरूंच्या जागी ते प्रशिक्षक झाले आणि २०२२ पर्यंत राहिले. स्वतः विश्वविक्रम केलेल्या माणसाने चोवीस वर्षे दुसऱ्यांची वेळ मोजण्यात घालवली, याला मी तरी माघार म्हणणार नाही.

त्यांनी शिकवलेल्या संघाने २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षे अमेरिकी विद्यापीठांची चार गुणिले शंभर रिले जिंकली, हे मला फार मोलाचे वाटते. मागे न पाहता हात मागे करायचा आणि येणाऱ्याचा वेग न मोडता बॅटन, म्हणजे रिलेतली दांडी, घ्यायचे, हे ज्याने स्वतः केले आहे त्याच्याकडूनच नीट शिकता येते. तुझ्या संघाचे बॅटन पडले होते त्या वर्षी तू आठवडाभर गच्चीवर आईचे लाटणे घेऊन चुलत भावाला पळवत होतीस; खडूने पावलांची खूण करून, त्याचा अंगठा कुठे यावा हे बोट धरून दाखवत होतीस. तेव्हा तू बारावीत होतीस, आणि शिकवण्याची तुझी नजर मला त्याच वेळी दिसली होती.

डॉक्टर हो म्हणतील तेव्हा अवश्य धाव. मी अडवणार नाही. कॉलेजला मात्र होकार कळव. गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा माझे जुने स्टॉपवॉच घेऊन जा, त्यात नवा सेल घालून ठेवला आहे.

तुझे
बाबा