ट्रॉल जाळ्यावरचा कॅमेरा आणि त्यातले मेमरी कार्ड परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पाण्याखालच्या कॅमेऱ्यात पाणी शिरणे, वॉरंटी नाकारणे व मेमरी कार्ड परत न करणे

महोदय,

मी मीरकरवाडा, रत्नागिरी येथील एका ट्रॉलरचा मालक आहे आणि त्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणून स्वतः समुद्रात जातो. फेब्रुवारीत मी आपल्याकडून 86,500 रुपयांना ट्रॉल जाळ्यावर बसवायचा कॅमेरा घेतला. चौथ्याच ओढीला, म्हणजे चौथ्यांदा जाळे ओढताना, त्यात पाणी शिरले. कॅमेरा मी आपल्याकडे पाठवला, तर दीड महिन्याने तो न दुरुस्त करताच परत आला. आतले कार्ड त्यात नव्हते.

कॅमेरा कशासाठी घेतला ते आधी सांगतो, म्हणजे त्या कार्डाची किंमत आपल्या लक्षात येईल. बोटीमागे ओढायच्या आमच्या जाळ्याच्या शेवटी खोळा असतो, सगळी मासळी तिथे गोळा होते. त्याची आस, म्हणजे जाळ्याचे भोक, चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी असते. जाळे ओढले जाते, खोळ्यात वजन येते, तशी ही आस लांबीला ताणून मिटते. मग बोटाएवढा राणीमासा आणि म्हाकुळाची पिल्लेसुद्धा आतच अडकतात. डेकवर येईपर्यंत ती मेलेली असतात आणि कुटीच्या, म्हणजे खत-खाद्यासाठी जाणाऱ्या टाकाऊ मासळीच्या, भावाने जातात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने 40 मिलिमीटर चौकोनी आसेचा खोळा कधीचा सुचवला आहे. चौकोनी आसेचे धागे ओढीच्या दिशेने सरळ राहतात, त्यामुळे ती मिटत नाही. हे आम्ही ऐकून होतो. पण मोठी मासळीही निघून जाईल ही भीती बंदरावर प्रत्येकाला आहे, मलाही होती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खोळा बदलायचा नाही, असे मी ठरवले होते.

माझी मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिने आपले माहितीपत्रक वाचून हा कॅमेरा निवडला. खोळ्याच्या वरच्या अंगाला तिने चौकोनी आसेचा तुकडा शिवून घेतला आणि त्याच्यासमोर दोरीच्या जाळीत, फ्लोट लावून कॅमेरा बांधला. पहिल्या ओढीचे चित्रण तिच्या लॅपटॉपवर उतरवलेले आहे. तीस वर्षे मी जाळे मारतो आहे, पण खोळ्याच्या आत काय चालते ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. खालच्या मिटलेल्या आसेवर बारकी राणी तोंड घासत होती, मागून येणारा भार तिला दाबत होता. वरच्या तुकड्यापाशी मात्र तसलीच पिल्ले आधी जाळ्याच्या वेगाने पोहत राहिली, मग एकेक जण अंग वळवून आसेतून बाहेर पडले. शेपटीचा एक झटका, की दिसेनासे. मोठी राणी आतच राहिली. माझे दोन खलाशी ती क्लिप पुन्हापुन्हा बघत होते.

पुढच्या तीन ओढी आम्ही तुकड्याची जागा बदलून घेतल्या. ते चित्रण फक्त कार्डावर आहे. चौथ्या ओढीला 30 वाव पाण्यात, म्हणजे सुमारे 55 मीटरवर, अडीच तास जाळे होते. वर काढले तेव्हा काचेच्या आत पाणी हलताना दिसले.

आपल्या पत्रात वॉरंटी नाकारण्याची दोन कारणे आहेत. पहिले, "पाण्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही." पाण्याखाली वापरायच्या वस्तूला हे कारण कसे लागू होते? माहितीपत्रकात 100 मीटरची हमी छापली आहे. दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. आम्ही आपल्या हमीच्या निम्म्याहून थोड्याच जास्त दाबाला होतो. रबरी कडे प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन, आपणच दिलेले ग्रीस लावून बसवले होते. पाणी कड्यातून आलेच नाही. मागच्या झाकणात खालच्या उजव्या स्क्रूपासून केसाएवढा तडा गेला आहे, बोटाचे नख फिरवले तरी लागतो. टाकीत एका जागी ठेवून कॅमेरा दाबाला टिकत असेल. जाळ्यावर तो तासनतास हादरतो, विंचने वर येताना बोटीच्या कडेला आपटतो. ट्रॉलसाठी म्हणून विकायचा असेल, तर त्याने हेही सोसले पाहिजे.

दुसरे कारण, "व्यावसायिक वापर". आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ट्रॉल जाळ्याला बांधलेल्या कॅमेऱ्याचे चित्र आहे. ट्रॉल जाळे कोणी हौसेने ओढत नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे, स्वतः कष्ट करून केवळ पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरली जात नाही.

पैसे मला हवेत, पण त्याआधी कार्ड हवे. 1 जूनला पावसाळी बंदी लागते, त्यानंतर दोन महिने बोट किनाऱ्यावर असते. जाळी शिवायची ती याच काळात. चौकोनी आस खोळ्याला कुठे आणि किती लावायची, हे त्या तीन ओढी बघूनच मी ठरवणार होतो. माझ्या शेजारच्या चार नाखवांनीही त्याच चित्रणासाठी नवी जाळी शिवायचे थांबवले आहे. ते कार्ड आपल्या दुरुस्ती विभागात कुठेतरी पडले असेल, तर कृपा करून शोधा. त्याला खारे पाणी लागलेले आहे. चालू करून बघण्याचा प्रयत्न न करता तसेच पाठवा, त्यातले चित्रण काढून घेण्याची व्यवस्था आम्ही करू.

त्यानंतर कॅमेरा बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. बदलून देणार असाल तर झाकण धातूचे असावे. तेच प्लास्टिकचे झाकण मला पुन्हा नको.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कार्ड न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करणार आहे. आपला तंत्रज्ञ रत्नागिरीला येणार असेल, तर बंदी लागण्याआधी मी त्याला बोटीवर घेऊन जाईन. जाळे कसे हादरते ते त्याने प्रत्यक्ष पाहावे.

कळावे,
आपला ग्राहक,
ट्रॉलर मालक व तांडेल
मीरकरवाडा, रत्नागिरी

सोबत: बिलाची प्रत, झाकणावरच्या तड्याचे दोन फोटो, आपल्या नकारपत्राची प्रत