रिसीव्हरवर नोंद असल्याचं सांगून बोल्टवर नोंद असलेली उझी विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दुकानातून विकत घेतलेली उझी सबमशीनगन फॉर्म ४ (मशीनगन नावावर करून घेण्याचा सरकारी अर्ज) मंजूर झाल्यावर मागच्या आठवड्यात माझ्या ताब्यात आली. खरेदीची सगळी बोलणी आपल्याशी मराठीतच झाली, म्हणून तक्रारही मराठीत लिहीत आहे. मी रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर, मशीनगन म्हणून सरकारी नोंद असलेली बंदूक मागितली होती. ती तशीच असल्याचं आपण ईमेलमध्ये लिहून दिलंत. प्रत्यक्षात माझ्या नावावर चढला आहे तो फक्त बोल्ट, म्हणजे आत मागेपुढे सरकून गोळी झाडणारा भाग.

हे आपल्याच काउंटरवर उघडकीला आलं. वरचं झाकण काढून मी बोल्ट बाहेर घेतला, तर फॉर्मवरचा क्रमांक त्या बोल्टवर कोरलेला. रिसीव्हरवर ‘एसए’ने सुरू होणारा वेगळाच क्रमांक आणि आयातदार म्हणून ॲक्शन आर्म्सचं नाव. एकेक गोळी झाडणाऱ्या उझीचं मशीनगनमध्ये रूपांतर करणाऱ्या कारखान्याचं नाव रिसीव्हरवर कुठेही नाही. मी आपल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘चालते तर सारखीच ना!’

चालते सारखीच, पण विकत घेताना फरक जमीन-अस्मानाचा आहे, आणि तो आपल्याला माहीत नाही असं मी मानू शकत नाही. १९ मे १९८६ नंतर अमेरिकेत सामान्य नागरिकाच्या नावावर नवी मशीनगन नोंदवता येत नाही. त्याआधी नोंदलेल्या तेवढ्याच आजही हस्तांतरित होतात, आणि म्हणूनच त्यांच्या किमती गाडीच्या किमतीला जाऊन भिडल्या आहेत. नोंद ज्या भागावर आहे, कायद्याच्या नजरेत तोच भाग मशीनगन. रिसीव्हरवर नोंद असेल तर बोल्ट, नळी, स्प्रिंग झिजले की बदलता येतात. बोल्टवर नोंद असेल तर ज्या भागावर प्रत्येक गोळीचा दणका बसतो, नेमका तोच बदलता येत नाही. त्याला तडा गेला तर जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यायचा. नवा आणून त्यावर जुना क्रमांक टाकता येत नाही.

दुसरी अडचण नळीची. उझीची मूळ नळी जेमतेम १० इंचांची. रायफलसाठी कायद्याने किमान १६ इंच लागतात. रिसीव्हर स्वतःच मशीनगन म्हणून नोंदलेला असता तर हा प्रश्नच नव्हता. आता मात्र बोल्ट काढून वेगळा ठेवला की उरलेली बंदूक ही आखूड नळीची रायफल ठरू शकते, आणि तशी तिची नोंद नाही. साफसफाईनंतर कोणता भाग कुठे ठेवला यावरून माझ्यावर खटला होऊ शकतो, आणि विकताना याबद्दल आपण चकार शब्द काढला नाहीत.

बोल्टवर नोंद असलेली उझी वाईट, असं माझं म्हणणं नाही. तो बोल्ट दुसऱ्या उझीत बसवता येतो म्हणून काही जण तीच शोधतात. पण त्यांना ती काय आहे ते सांगून विकली जाते, आणि किंमतही त्याप्रमाणे लावली जाते. आपण माझ्याकडून रिसीव्हरवाल्या बंदुकीची किंमत घेतलीत.

मी ही निवड घाईघाईत केलेली नव्हती, हेही आपण जाणता. माझे काका लष्करात होते. कानपूरच्या कारखान्यात बनलेल्या स्टर्लिंग कार्बाइनबद्दल लहानपणापासून ऐकत आल्याने मी आधी आपल्याकडे स्टर्लिंगचीच चौकशी केली होती. ती सहजासहजी मिळत नाही हे आपण सांगितलंत आणि ते मला पटलं. मग आपण मॅक-१० दाखवलीत. मिनिटाला हजाराच्या वर वेग. ३० गोळ्यांचं मॅगझिन दोन सेकंदांच्या आत रिकामं. रेंजवर पाहुण्यांना दाखवायला ठीक, पण मला तिच्यावर हात बसवायचा होता, लक्ष्यावर दोन-दोन, तीन-तीन गोळ्या ठेवायच्या होत्या. थॉम्पसनचा मोह कुठल्या संग्राहकाला नाही? पण ती रिकामीच साडेचार किलोंच्या वर, आणि .४५ ची काडतुसं ९ मिमीपेक्षा महाग. एमपी५ चं नाव काढताच आपण जो आकडा सांगितलात, त्यावर बोलणं तिथेच थांबलं.

उझीवर माझं मन बसलं ते तिच्या चालण्यामुळे. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, वजन साडेतीन किलो, मॅगझिन दस्त्यातच, बोल्ट नळीच्या मागच्या टोकावर सरकून येणारा, म्हणून बंदूक आटोपशीर आणि तोल हाताच्या मुठीपाशी. चाप सोडण्याचा थोडा सराव झाला की एकेक गोळीसुद्धा काढता येते. सुटे भाग मुबलक. पण सुटे भाग मुबलक असण्याचा फायदा रिसीव्हरवर नोंद असली तरच पुरता मिळतो. तेवढ्याचसाठी मी पैसे भरण्याआधी रिसीव्हरवरच्या कोरीव अक्षरांचा आणि बोल्टचा जवळून काढलेला फोटो मागितला होता. आपल्याकडून आला तो डाव्या बाजूने लांबून काढलेला एकच फोटो, आणि खाली वाक्य: ‘रिसीव्हर रजिस्टर्ड आहे, निश्चिंत राहा.’ तो ईमेल सोबत जोडला आहे.

मिक्सर परत करावा तशी ही वस्तू परत करता येत नाही. फॉर्म मंजूर झाल्यामुळे ती आता माझ्या नावावर आहे. आपल्याला परत द्यायची म्हटली तरी पुन्हा फॉर्म ४, पुन्हा २०० डॉलर कर, पुन्हा मंजुरीची वाट पाहणं. हा भुर्दंड मी सोसणार नाही.

तेव्हा आपण ही बंदूक पूर्ण किमतीला परत घ्यावी आणि परतीच्या हस्तांतरणाचा कर व मी आधी भरलेला कर, दोन्ही द्यावेत. ते शक्य नसेल, तर बोल्टवर नोंद असलेल्या आणि रिसीव्हरवर नोंद असलेल्या उझीच्या चालू भावातला फरक मला परत करावा. तो फरक आपण ठरवू नये आणि मीही ठरवू नये. दुसऱ्या एखाद्या परवानाधारक विक्रेत्याकडून लेखी मूल्यांकन घेऊ, त्याचं शुल्क आपण भरावं.

आपल्या यादीत अजून दोन उझी ‘रजिस्टर्ड’ एवढाच शब्द लावून विक्रीला आहेत. त्यांची नोंद नेमकी कोणत्या भागावर आहे ते आजच्या आज लिहावं आणि क्रमांक वाचता येईल असा फोटो लावावा. माझ्यासारखाच कुणीतरी बरीच वर्षं पैसे साठवून त्यांच्याकडे बघत असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास ईमेल, बिल आणि फोटोंसह राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे जाईन.

कळावे.

आपला,
एक ग्राहक
टेक्सास

सोबत: बिल, मंजूर फॉर्मची प्रत, ईमेलची प्रत, रिसीव्हर व बोल्टवरील क्रमांकांचे फोटो